मराठी शब्दयादीचा मुक्तस्रोत प्रकल्प कुठे ठेवावा? एकदा हात पोळले आहेत

मिरजेचा_जुळारी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, येईल ते काम करतो. गेली सहा वर्षं आम्ही चौदा जण मिळून हनस्पेलसाठी मराठी शब्दयादी करतोय. लिबरऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, तिच्यामागे हनस्पेल असतं. एका फाइलमध्ये मूळ शब्द आणि दुसरीत त्यांना प्रत्यय कसे लागायचे याचे नियम. 'पाणी'चं 'पाण्या' होतं आणि मग ने, ला, त, वर लागतात, हे सगळं त्या दुसऱ्या फाइलीत.

चौदांपैकी गिट (फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) येतं चौघांना. बाकीचे मुद्रितशोधक, दोन शिक्षक आणि एक निवृत्त ग्रंथपाल.

आमचा प्रकल्प एका लहानशा होस्टिंग सेवेवर होता. नाव घेत नाही, ती आता बंदच आहे. बंद करण्याआधी त्यांनी ३० दिवसांची मुदत देऊन ईमेल पाठवला होता. पण खातं उघडलं होतं आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने, कॉलेजच्या ईमेलवर. तो पास होऊन गेला, ईमेल बंद झाला, आणि आम्हाला कळलं ते पान उघडेना तेव्हा.

फाइली वाचल्या. तिघांच्या संगणकावर पूर्ण क्लोन, म्हणजे इतिहासासकट प्रत, होता, तासाभरात सगळा इतिहास परत उभा राहिला. गेले ते २१२ इश्यू, म्हणजे त्या सेवेच्या पानावरचे चर्चेचे धागे. त्यातला एक मला आजही सलतो.

'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ वापरून त्याला हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणून बरोबर लिहिलेल्या 'दऱ्या'खालीही लाल रेघ यायची. यादीत कुठलं रूप ठेवायचं, दुसरं कसं वळवून घ्यायचं, यावर आमची तीन आठवडे चर्चा झाली. कोल्हापूरच्या एक काकू आहेत, वर्तमानपत्रात आयुष्यभर मुद्रितं तपासलेल्या. त्यांनी फोनवर एका बोटाने टाइप करून लांबलचक टिपण लिहिलं होतं, दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना अशा जोड्या देऊन. ते गेलं. आता नवीन माणूस येतो, तोच प्रश्न विचारतो, आणि निर्णय काय झाला ते आम्ही सांगू शकतो, पण का झाला ते नीट सांगता येत नाही.

म्हणून विचारतोय: गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग यांसारखी प्रकल्प ठेवायची ठिकाणं की स्वतःचा सर्व्हर? यादी जेमतेम ३ एमबीची आहे. सोबत जुन्या कामांतून गोळा केलेला मजकुराचा साठा आहे, त्याची एक फाइल १३० एमबीची. वर्षाला दोनेक हजार रुपये मी खर्च करू शकतो. पण काकूंनी पुन्हा काही लिहिलं तर ते राहिलं पाहिजे.

---

नाशिक_कोडकट्टा

दादा, गिटहबवर या. मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचं तिथे खातं आहे. दुसरीकडे ठेवलंत तर 'सर, अजून एक खातं काढायचं?' इथेच निम्मी मुलं गळतात. मुक्तस्रोत प्रकल्पाला माणसं लागतात आणि माणसं सध्या तिथे आहेत.

फोनवरून फाइल दुरुस्त करता येते, गिट न येणाऱ्यालाही. १३० एमबीची फाइल मात्र रेपोत (प्रकल्पाच्या गिट साठ्यात) जाणार नाही, १०० एमबीच्या वरची फाइल ते घेत नाहीत. ती रिलीजला (प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीला) जोडा. तिथे एक फाइल २ जीबीच्या आत असली की चालतं.

---

स्प्रेकाठ

मी मूळची साताऱ्याची, गेली नऊ वर्षं बर्लिनमध्ये आहे आणि कोडबर्ग चालवणाऱ्या संस्थेची सभासद आहे. हे आधी सांगते, म्हणजे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्याल.

तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण हे पुन्हा पुन्हा घडलंय आणि मोठ्यांच्या बाबतीतही घडलंय. गूगल कोड २००६ साली आलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं ठिकाण दहा वर्षंही पुरतं टिकलं नाही. गिटोरियस २०१५ मध्ये गेलं, मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ मध्ये. बिटबकेट चालू राहिलं, पण २०२० मध्ये त्यांनी मर्क्युरियल (गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) काढून टाकलं, म्हणजे ज्यांचा सगळा इतिहास मर्क्युरियलमध्ये होता त्यांना बिऱ्हाड हलवावंच लागलं. सोर्सफोर्जवर तर वेगळंच झालं. उतरवून घ्यायच्या फाइलींबरोबर भलतीच सॉफ्टवेअरं चिकटवायला लागल्यावर २०१३ मध्ये गिंप या चित्रं संपादायच्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने तिथून काढता पाय घेतला. पुढे २०१६ मध्ये मालक बदलले आणि तो प्रकार थांबला.

यातलं तुमच्या सर्वात जवळचं उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याच एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या ज्या पद्धती ठेवल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच ऐन वेळी चालेनात. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्या सहा तासांत लोकांनी टाकलेले इश्यू आणि टिपण्या गेल्या. गिट रेपो मात्र शाबूत होते, कारण ते त्या डेटाबेसमध्ये नव्हतेच.

गिट ही प्रत्येकाच्या दप्तरात असलेली पूर्ण वही आहे. एकाची हरवली तरी दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून घेता येते. इश्यू म्हणजे शाळेच्या फळ्यावरचं लिखाण. शाळा बंद झाली की फळाही गेला. तुमच्या काकूंनी फळ्यावर लिहिलं होतं.

त्यामुळे कुठेही जा, पण रेपोतच 'निर्णय' नावाचं एक फोल्डर करा. चर्चा इश्यूत होऊ दे. संपली की कुणीतरी एकाने बसून काय ठरलं, का ठरलं, कोणते शब्द दाखले म्हणून दिले, हे साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायचं आणि कमिट करायचं, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवायचं. कमिटमध्ये लेखक म्हणून ज्याने लिहिलं त्याचंच नाव टाका. पुढे ज्यांच्याकडे क्लोन आहे त्यांनी नवे बदल ओढून घेतले की ते त्यांच्याकडेही जाईल.

खातं एका माणसाच्या नावावर ठेवू नका. संघटनेचं खातं काढा, त्याला निदान दोन मालक असू द्या, आणि ईमेल असा द्या जो कॉलेज किंवा नोकरी सुटल्यावर मरणार नाही. तुमचे दोन हजार रुपये आहेत ना, त्यातून स्वतःचं डोमेन घ्या. लोकांना नेहमी तोच पत्ता द्या. उद्या ठिकाण बदललं तरी दारावरची पाटी तीच राहील.

आता कोडबर्ग. ही जर्मनीतली नोंदणीकृत संस्था आहे, आपल्याकडच्या वाचनालयासारखी. सभासद वर्गणी देतात, सभा होते, मतं पडतात. कुणाला विकून टाकता येईल अशी ती कंपनी नाही. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा तिथल्या लाखो प्रकल्पांना कुणी विचारलं नव्हतं. कोडबर्ग ज्या फोर्जेओ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं ते स्वतः मुक्तस्रोत आहे, म्हणजे वेळ आलीच तर तेच सॉफ्टवेअर दुसरीकडे बसवून इश्यूंसकट जाता येतं. गिटहबवरून येतानाही इश्यू, टिपण्या, लेबलं फोर्जेओ आत ओढून घेतं.

उणीवही सांगते. आमच्याकडे माणसं कमी आणि सर्व्हर मर्यादित. एआयवाल्यांचे क्रॉलर (पानं आपोआप उपसणारे प्रोग्रॅम) अंगावर येतात तेव्हा पानं संथ होतात, कधी उघडतही नाहीत. ज्यांना कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारी बिल्ड दिवसाला शंभर वेळा चालवायची असतात त्यांनी इथे येऊ नये. तीन एमबीच्या शब्दयादीला त्याचा त्रास होईल असं मला वाटत नाही.

---

रात्रपाळी_ठाणे

स्वतःच्या सर्व्हरबद्दल बोलतो, कारण पोटापाण्यासाठी तेच सांभाळतो. आमच्या गटाचा फोर्जेओ मी दीड वर्ष चालवला. बसवायला एक संध्याकाळ लागली. नंतर कुणी खोटी खाती काढून जाहिराती टाकायचं, कधी लॉगने डिस्क भरायची, कधी सुरक्षेचं अपडेट रविवारी यायचं. माझ्या वडिलांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात सर्व्हर पडला आणि पाच दिवस पडून राहिला. चौदा जणांचं काम एका माणसाच्या सवडीवर टांगून ठेवू नका.

मिरर, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी आपोआप ताजी राहणारी प्रत, मात्र ठेवाच. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली होती, त्यात गिटहबही होतं. काही दिवसांत उघडलं, पण तेवढे दिवस काम अडलंच. कोडबर्गवरून गिटहबकडे आपोआप ढकलणारा मिरर लावता येतो. शिवाय सॉफ्टवेअर हेरिटेज म्हणून फ्रान्सच्या इनरिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला संग्रह आहे, त्यांना रेपोचा पत्ता दिला की ते इतिहासासकट जतन करतात. तिथे इश्यू जात नाहीत, म्हणून ताईंची 'निर्णय' फोल्डरची सूचना मला सगळ्यात मोलाची वाटली.

---

ग्रंथपान

होस्टिंगच्या आधी एक विचारते. ती १३० एमबीची फाइल 'जुन्या कामांतून गोळा केलेली' म्हणजे ग्राहकांच्या पुस्तकांचा मजकूर का? तसं असेल तर ती कुठेच ठेवू नका, रिलीजमध्येही नाही. पुस्तकाचे हक्क लेखकाचे किंवा प्रकाशकाचे असतात. त्यांनी तुमच्याकडे जुळणीसाठी विश्वासाने फाइल दिली होती. त्यातून कुठला शब्द किती वेळा येतो हे मोजणं वेगळं आणि अख्खा मजकूर जगापुढे ठेवणं वेगळं.

आणि परवान्याची फाइल आहे का रेपोत? कोडबर्गवर मुक्त परवाना लागतोच. पण कुठेही असलात तरी परवाना नसेल तर यादी उघड दिसूनही कुणाला कायदेशीरपणे वापरता येणार नाही. छापील कोशांतून शब्द उचलले असतील तर तेही आत्ताच तपासा.

---

मिरजेचा_जुळारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथपानताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. ती फाइल म्हणजे अकरा वर्षांतल्या पुस्तकांचा मजकूरच होता. माझ्या डोक्यात ती 'आपल्या संगणकातली' होती, म्हणून हा विचारच आला नाही. ती आता फक्त दुकानातल्या डिस्कवर राहील. शब्द आणि त्यांची मोजदाद तेवढी घेतली, ती ४ एमबीची झाली. छापील कोश आम्ही अर्थ पाहायला वापरले, शब्द उचलले नाहीत. परवान्याची फाइल नव्हती. काल चौदाही जणांची लेखी संमती घेऊन एमपीएल (मोझिलाचा मुक्त परवाना) टाकली.

कोडबर्गवर जायचं ठरवलंय. नाशिकचे सर, तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. विद्यार्थी येतात, महिनाभर छान काम करतात आणि परीक्षा आल्या की जातात. त्यात त्यांचा दोष नाही. पण सहा वर्षं टिकलेली माणसं बघितली तर ती मुद्रितशोधक आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचंही कुठे खातं नाही. नवीन खातं त्यांना कुठेही काढावंच लागणार. गिटहबवर मिरर ठेवतो, त्याच्या वाचा-मला फाइलीत सुरुवातीलाच मराठीत लिहितो की सूचना कुठे पाठवायच्या. तुमची मुलं तिथून आली तर मी स्वतः त्यांना खातं काढून द्यायला बसेन.

---

नाशिक_कोडकट्टा

पटलं. मिररवर कुणी पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) टाकली तर ती तशीच पडून राहते आणि मुलं नाराज होतात, एवढं लक्षात ठेवा. आठवड्यातून एकदा मी तिथे बघत जाईन, आलेलं तुमच्याकडे पोचवेन. आणि शब्दयादी वापरणाऱ्यांना रेपोचा पत्ता देऊच नका, ते लिबरऑफिसच्या एक्स्टेंशनच्या पानावर ठेवा. दुकानदाराला आणि शिक्षकाला तिथून एका टिचकीत मिळेल.

---

मिरजेचा_जुळारी

सर, फार मोठं काम अंगावर घेतलंत. एक्स्टेंशनचं पुढच्या महिन्यात करतो.

रविवारी कोल्हापूरला काकूंकडे गेलो होतो. त्यांच्या फोनवर खातं काढलं, पासवर्ड त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. मग मी म्हटलं, काकू, ते ऱ्य-चं टिपण पुन्हा लिहाल का? त्यांनी आधी विचारलं, "या वेळी नाहीसं नाही ना होणार?" मी त्यांना माझ्या लॅपटॉपवरचा क्लोन उघडून दाखवला, मग पुण्याच्या एकाला फोन लावून त्याच्या संगणकावरचा वाचून घ्यायला लावला. तेव्हा त्या बसल्या. दुपारचा चहा झाला, दिवेलागण झाली, तरी लिहीत होत्या.

निर्णय फोल्डरमधली पहिली फाइल त्यांच्या नावाने कमिट झाली आहे. तिची सुरुवात अशी: "दर्या एकच असतो, दऱ्या पुष्कळ असतात. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवण किती जणांचं ते सांगतात. यादीत या चारही शब्दांना जागा हवी."