मदत हवी आहे : शाकाहारी ग्रुपवर गप्पाही हव्यात आणि पाककृतीही सापडायला हव्यात

नमस्कार मंडळी,

आमचा सोलापूरकरांचा शाकाहारी स्वयंपाकाचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. बायका जास्त, अधूनमधून उत्साही काका. अ‍ॅडमिनपद माझ्या गळ्यात. जुळे सोलापूर, होटगी रोड, पूर्व भाग, अक्कलकोटच्या दोघीतिघी, शिवाय पुण्याला गेलेल्या लेकीसुना. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, ग्रुपवर मराठी. त्यामुळे कृती एकाहून एक येतात. फक्त नंतर त्या सापडत नाहीत.

सकाळ उजाडते ती "तुमच्याकडं पाणी आलं का ओ?" या प्रश्नाने. (नळाला रोज पाणी नसलेल्या गावात हा प्रश्न विचारू नका म्हणायची माझी छाती नाही.) मग ऊन, लग्नं, गुडघेदुखी. संक्रांतीच्या आठवड्यात तर सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचे आणि अक्षता सोहळ्याचे इतके फोटो आले, की त्यात भोगीच्या भाजीची कृती कुणाला दिसलीच नाही. ऐन भोगीला सकाळी तीच कृती पुन्हा विचारली गेली आणि जिने आदल्या रात्री जागून लिहिली होती ती रुसून बसली. नोकरी करणाऱ्या मुलींनी ग्रुप म्यूट करून टाकलाय. उलट "विषयाला धरून बोला" म्हटलं की ज्येष्ठ मंडळी गप्प होतात, ते तर फारच वाईट.

दोन वेगळे ग्रुप करा असं कृपया सुचवू नका, ते झालंय. पाककृतींच्या ग्रुपवर शुकशुकाट होता. आमच्याकडे कृती गप्पांतूनच बाहेर पडते. परवा एक ताई सांगत होती, लेकीला पाठवलेली शेंगा चटणी नुसता भुगा झाली. लगेच एका काकूंचं उत्तर : "मिक्सर एकसारखा पळवलीस म्हणून. शेंगदाणे खमंग भाजून कोमट असतानाच घाल, थांबून थांबून फिरव, तेल सुटेपर्यंत. उखळात कुटलीस तर बघायलाच नको." याच काकूंना शेंगा चटणीची कृती लिहून द्या म्हटलं, तर म्हणतात, "त्यात काय लिहायचं?"

दुसरी अडचण आवाजी मेसेजची. मराठी टाइप करायचा कंटाळा म्हणून कडक भाकरी, शेंगपोळी, हुलग्याचं माडगं, सगळं बोलून पाठवतात. ऐकायला गोड, पण नंतर शोधणार कसं?

(अंडं चालेल का यावर एकदा जुंपली होती. "नाही" असं ग्रुपच्या वर्णनात लिहिलं, विषय मिटला.)

असा ग्रुप कुणी चालवत असाल तर सांगा, काय टिकलं?

माळरान : गप्पांना हातच लावू नका. तुमचा तो ओस ग्रुप मोडू नका, फक्त सेटिंग बदलून तिथे अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करा. ती वही समजा. गप्पांत कृती निघाली की दोघीतिघींनी (त्यांना तिथे अ‍ॅडमिन करा) उचलून तिकडे टाकायची, पहिल्या ओळीत पदार्थाचं नाव. म्यूटवाल्या मुली तेवढंच वाचतील. आवाजी मेसेज आला की त्यालाच रिप्लाय करून खाली "कडक भाकरी" एवढं लिहिलं तरी सर्चमध्ये सापडतो.

हुरडा_पार्टी : वही ठीक, पण उचलणारे महिन्याभरात दमतात, अनुभव आहे. आम्ही आठवड्यातला एक वार ठरवलाय. त्या दिवशी एकच पदार्थ, आणि गप्पाही त्याच्याच. वेळ अमावास्येच्या (शेतातल्या सणाच्या) आधी भज्जी आणि आंबील घेतली होती, शेतातल्या जेवणाच्या आठवणींसकट सगळं आलं. सणाची कृती पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, सणापुरती पुरते.

दाळकांदा : उचलताना सांगणारीचं नाव काढू नका. आमच्याकडे भांडण कृतीवरून नाही, नावावरून झालं होतं.

धागाकर्ती : आभार! वही आणि ठरलेला वार दोन्ही करून बघते. उचलायचं काम म्यूटवाल्या मुलींनाच देते, त्या निमित्ताने ग्रुप उघडतील. एक शंका राहिली. लसूण घातलेली शेंगा चटणी आणि आमच्या जैन मैत्रिणीची बिनलसणाची, यातली वहीत कुठली ठेवू? दोघींचंही म्हणणं, आपलीच खरी.

दाळकांदा : दोन्ही, नावानिशी. आणि दोन वेगळ्या दिवशी टाका.