श्रीनगरचे लाकडी पूल: जपायला हवे होते की नाही?

परळकर:
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "श्रीनगरचे लाकडी पूल पाचशे वर्षं उभे होते, सिमेंटवाल्यांनी संपवले." हे वाचून गप्प बसवेना. त्यातला झैना कदल हा पूल पंधराव्या शतकातल्या सुलतान झैन-उल-आबिदीनचा, हे कबूल. पण तो सलग उभा कधी होता? पुरात जायचा, पुन्हा बांधला जायचा. 1893 च्या पुराने तर झेलमवरच्या सातांपैकी बहुतेक पूल नेले. ज्या फोटोंवर लोक हळहळतात त्यातलं लाकूड सुलतानाने पाहिलेलंही नाही. शहराला रुग्णवाहिका लागते, अग्निशमनाचा बंब लागतो. तो फळ्यांवरून न्यायचा?

सुतारपक्षी:
वाहून गेला म्हणजे वाईट, हा कुठला न्याय? बांधणी बघा जरा. तळाशी लाकडी पेट्यांत दगड भरून बुडवायचे. त्यावर देवदाराचे ओंडके, एक थर उभा, एक आडवा. वरचा प्रत्येक थर थोडा पुढे काढायचा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर आपोआप कमी होतं. ओंडक्यांच्या फटींतून पाणी निघून जातं, त्यामुळे खांबावरचा रेटा कमी होतो. आणि गेलाच, तर गावातलेच सुतार तो पुन्हा उभा करतात. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा लाकडी चॅपल ब्रिज ऑगस्ट 1993 मध्ये जळाला, पुढच्या एप्रिलमध्ये लोक त्यावरून चालत होते. त्याला कोणी नकली म्हणत नाही.

राजापूरचा चाकरमानी:
काश्मीर कशाला, आमच्या वाडीचा साकव घ्या. पोफळीची खोडं, चिव्याचे बांबू. दरवर्षी पावसाआधी घरटी एक माणूस यायचा आणि दुपारपर्यंत साकव तयार. मग सिमेंटचा आला. दोन-तीन पावसाळ्यांत कडेचा भराव खचला. आता मुंबईहून गणपतीला गेलो की वळसा घालून घरी पोचायचं. दुरुस्तीला वाडीतलं कोणी हात लावत नाही, सगळे मंजुरीची वाट बघतात. पूल पक्का झाला आणि माणसं परावलंबी झाली.

परळकर:
काका, तुम्ही वर्षातून एकदा जाता म्हणून साकव गोड वाटतो. माझी आत्या त्याच्यावरून शाळेत जायची. भर पावसात साकव गेला की महिना-महिना शाळा बंद. शेवटी सातवीतच तिचं शिक्षण सुटलं. तिला विचारा साकवाचं कौतुक.

राजापूरचा चाकरमानी:
वर्षातून एकदा? माझी आई अजून तिथेच राहते! तिला डॉक्टरकडे न्यायला पलीकडच्या रस्त्यापर्यंत खुर्चीत बसवून उचलून नेतो आम्ही. मला पुस्तकी ठरवू नका. वाडीला पक्का पूल नको असं मी म्हटलंच नाही. तो खचल्यावर हात लावायचा हक्क आमच्याकडे राहिला नाही, हे माझं दुखणं आहे.

दादरवाली:
साकवावरून भांडताय, पण दगडाने तरी कुठे वाचवलं? महाडचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पडला, एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. आपला मुंबईचा कर्नाक पूल 1868 चा. 2022 मध्ये पाडला, नवा सुरू व्हायला 2025 उजाडलं. लाकूड वर्षभरात कुजताना दिसतं म्हणून माणसं वेळेवर हलतात. दगड-लोखंडाला काही होत नाही असं धरून चालतो आपण. तपासणीचे अहवाल लोकांसमोर लावा, मग पूल कशाचाही बांधा.

परळकर:
सावित्रीचं मान्य करावं लागेल. तरीही बंब लाकडी पुलावरून जाणार नाही, यावरून मी हटत नाही. श्रीनगरचा झीरो ब्रिज लाकडाचाच ठेवून फक्त पायी चालणाऱ्यांना दिलाय, तेवढं चालेल. मुख्य रहदारीला नाही.

सुतारपक्षी:
चला, एक पूल तरी सोडलात. पण तिथे फक्त फिरायला येणारे उरले, तर ओंडके रचणारे सुतार पुढच्या पिढीत कुठून आणणार? त्यांना दरवर्षी काम मिळेल अशी सोय हवी. त्यावर बोला.