मदत हवी आहे: रँचवरच्या व्हॉलीबॉल कोर्टचे खांब झुकतात

रँचवर मुक्कामी असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी व्हॉलीबॉल कोर्ट आखतोय. मैदान १८ × ९ मीटर, चहूबाजूंनी ३ मीटर मोकळं. लांबी उत्तर-दक्षिण, म्हणजे मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत नाही. अडचण खांबांची आहे. जाळी ताणली की ते आत झुकतात, आणि मधली उंची २.४३ मीटरवरून खाली येते. बायकांच्या खेळाला २.२४ लागते, त्यामुळे उंची बदलायची सोय हवीच. माती भुसभुशीत आहे. काँक्रीटचा पाया किती खोल, किती रुंद घ्यावा? बाहेरून ताणाच्या तारा नकोत, अंधारात पाय अडकून माणूस जायबंदी होतो. आणखी एक: खेळ दिवसभराच्या कामानंतरचा, दिवे लागणारच. झोत तबेल्याकडे न जाता कोर्टावरच पडावा, यासाठी ते कसे बसवावेत?