पिंग जातोय पण मोठा रिस्पॉन्स लटकतोय, तर आधी एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) बघा

तुम्ही विचारलंय की डॉकर स्वॉर्मच्या (अनेक मशीनवर कंटेनर एकत्र चालवायची सोय) ओव्हरले नेटवर्कवर, म्हणजे त्या मशीनमधल्या कंटेनरना जोडणाऱ्या नेटवर्कवर, मोठा रिस्पॉन्स का लटकतो. वरती उत्तर देणारे सगळे फायरवॉलच्याच मागे लागलेत, पण तुमच्या दोन्ही होस्टवरचे (मशीनवरचे) कंटेनर एकमेकांना नावाने सापडतायत, पिंग होतोय, छोटा जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) येतोय आणि फक्त मोठा रिस्पॉन्स अडकतोय म्हटल्यावर पोर्ट उघडेच असणार. ते बंद असते तर पिंगसुद्धा गेला नसता. तरी एकदा खात्री करून घ्या, स्वॉर्मला लागणारे पोर्ट म्हणजे २३७७ टीसीपी, ७९४६ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि ४७८९ यूडीपी, हा शेवटचा बरेचजण विसरतात आणि खरा डेटा त्याच्यावरूनच जातो.

डॉकरचं ओव्हरले प्रत्येक पॅकेट व्हीएक्सलॅनमध्ये (एक पॅकेट दुसऱ्यात घालून पाठवायची पद्धत) गुंडाळतं, त्यात ५० बाइट जातात, म्हणून ते १५०० चं नेटवर्क धरून कंटेनरला १४५० चा एमटीयू देतं. पण तुम्ही गूगल क्लाउडवर आहात ना, तिथे व्हीपीसीचा (तिथल्या खाजगी नेटवर्कचा) डीफॉल्ट एमटीयू १४६० असतो, म्हणजे आत १४१० च मावणार! कंटेनरमधून डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नका) लावून १४२२ साइजचा पिंग मारा आणि मग १३८२ चा, हेडरचे २८ बाइट धरून ते १४५० आणि १४१० होतात. पहिला अडकला आणि दुसरा गेला तर दुखणं हेच.

चालू नेटवर्कचा एमटीयू बदलता येत नाही, नेटवर्क काढून १४१० देऊन परत बनवावं लागतं, तेव्हाच अटॅचेबल हा पर्याय पण लावून टाका म्हणजे स्वॉर्मबाहेर साधे चालवलेले कंटेनर पण जोडता येतील. आणि एन्क्रिप्शन लावणार असाल तर आयपीसेकचे (एन्क्रिप्शनसाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल) बाइट वेगळे धरा, १४१० पण पुरणार नाही मग.

दोन्ही पिंगचा आउटपुट इथे टाका, बघू.