प्रवाळातले मासे मोजायला आमिष लावावं का?

खोलपाणी:
विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या अंग्रिया बँक या प्रवाळ पठारावरच्या माशांची पाहणी आमिष लावलेल्या कॅमेऱ्यांनीच व्हावी, असं माझं मत आहे. लोखंडी चौकटीवर कॅमेरा, समोर दांड्याच्या टोकाला जाळीच्या पिशवीत किलोभर ठेचलेली तारली. दोराने तळाशी सोडायचं, तासभर चित्रण करायचं, वर ओढायचं. ऑस्ट्रेलियात ही पद्धत चांगली रुळली आहे. ‘ग्लोबल फिनप्रिंट’ या जगभरच्या शार्क-पाहणी प्रकल्पाने २०१५ ते २०१८ मध्ये ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळ भागांवर असेच कॅमेरे टाकले, १५ हजारांहून जास्त तासांचं चित्रण जमवलं. जवळपास २० टक्के ठिकाणी एकही शार्क दिसला नाही. फक्त पाणबुडे उतरवून एवढा पसारा आवरलाच नसता.

प्रवाळसखी:
साफ असहमत. तारलीच्या वासावर कोण येणार? शार्क, गोबरे, तांबोशी. शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे पोपटमासे त्या पिशवीसाठी कशाला वळतील? कपारीतले छोटे मासे तर बाहेरही येणार नाहीत. या चित्रणावरून ‘प्रवाळ निरोगी आहे’ असं कोणी म्हणालं, तर ते चुकीचं ठरेल. शिवाय तोच मासा पाच वेळा समोरून गेला तर?

खोलपाणी:
@प्रवाळसखी, तो प्रश्न सुटलेला आहे. एका जातीचे जास्तीत जास्त मासे एकाच क्षणी चित्रात किती दिसले, तेवढाच आकडा धरतात. त्याला मॅक्स-एन म्हणतात. पुन्हा पुन्हा आलेला मासा त्यात वाढत नाही. उलट मोठा थवा कमीच मोजला जातो. पोपटमाशांचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात आमिषासह आणि आमिषाविना तुलना झाली आहे. आमिषामुळे भक्षक वाढले, पण शाकाहारी मासे घटले नाहीत. दोन कॅमेरे जोडले तर माशाची लांबीही मोजता येते, आणि मोठे मासे उरले आहेत की नाही हे मासेमारीच्या नियमांसाठी फार मोलाचं आहे.

रापणकर_मालवण:
दोघांनीही पाण्याचा विचार केलेला नाही. पाण्याची ओढ जोरात असेल तर वास लांबवर जातो, मंद असेल तर जागच्या जागी राहतो. मग आज दहा आणि उद्या चार मासे दिसले, तर मासे कमी झाले की ओढ कमी होती, हे कसं ठरवणार? आणि किनाऱ्याजवळ पाणी गढूळ असतं. कॅमेऱ्याला हातभर पलीकडचं दिसत नाही. अंग्रियाचं स्वच्छ पाणी बघून आखलेली पद्धत मालवणच्या अभयारण्यात जशीच्या तशी लादू नका. तिथल्या आकड्यावर उद्या आमच्या जाळ्यांवर बंदी येणार असेल, तर दिवस आणि जागा ठरवताना आम्हाला होडीत घ्या.

खोलपाणी:
@रापणकर_मालवण, तुमचा मुद्दा मान्य. तो आकडा समुद्रातल्या माशांची शिरगणती नव्हेच. एका जागेची दुसरीशी, या वर्षाची मागच्याशी तुलना, एवढंच त्याचं काम. म्हणून आमिष, वेळ, खोली सारखी ठेवायची, ओढ आणि दृश्यता दर वेळी नोंदवायची.

प्रवाळसखी:
मग तळाचं काय? कॅमेरा आडवा बघतो. समोरचा प्रवाळ, वाळू, खडक दिसतो, मागची घळ नाही. तळाचा नकाशा वेगळ्या चित्रणातून झाला पाहिजे. आणि जिथे २० मीटरच्या आत उतरता येतं, तिथे आखीव पट्ट्यावरून पोहत मासे मोजणारे पाणबुडेही हवेत. खोलवर तुमचा कॅमेरा न्या, पण उथळ प्रवाळावर फक्त त्याच्या भरवशावर निर्णय घ्यायला माझा विरोधच राहील.