व्हाइटस्पेसला ‘रिकामी जागा’ म्हणावं का?

प्रश्न: एक्सएसएलटीवरच्या (एक्सएमएल फायलींचं रूपांतर करणाऱ्या भाषेवरच्या) एका मराठी टिपणात ‘स्ट्रिप-स्पेस’ या सूचनेचा अर्थ ‘रिकाम्या जागा काढून टाकणे’ असा दिलाय. ते वाचून लावलं, तरी आउटपुटमध्ये नको असलेल्या ओळी येतातच. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: घोळ त्या शब्दातच आहे. एक्सएमएलमध्ये व्हाइटस्पेस म्हणजे चारच चिन्हं: स्पेस, टॅब, कॅरेज रिटर्न, लाइन फीड. नॉन-ब्रेकिंग स्पेसही रिकामीच दिसते, पण ती यात धरत नाहीत. शिवाय स्ट्रिप-स्पेस सुटी चिन्हं काढतच नाही, नोड काढतं, म्हणजे दस्तऐवजाच्या रचनेतला अख्खा तुकडा. ज्या टेक्स्ट नोडमध्ये व्हाइटस्पेसखेरीज काही नाही, तो अख्खा जातो. त्यात एक जरी अक्षर असलं, तर त्याच्या मागचंपुढचं इंडेंट जसंच्या तसं राहतं. मी ‘कोरे नोड गाळणे’ म्हणेन.

प्रतिसाद: ‘कोरे नोड’ चपखल आहे. पण कुठले, तेही सांगा. स्ट्रिप-स्पेस फक्त सोर्समधल्या (ज्या एक्सएमएलचं रूपांतर करायचं, त्यातल्या) नोडना लागू होतं, आणि तिथले सांगितल्याशिवाय हलत नाहीत. स्टाइलशीटमधले (रूपांतराचे नियम असलेल्या फाइलमधले) कोरे नोड प्रोसेसर आपणहून गाळतो, ‘एक्सएसएल:टेक्स्ट’ या टॅगमधले तेवढे ठेवतो. तुमच्या ओळी बहुधा स्टाइलशीटमधूनच येताहेत. टेम्पलेटमध्ये ‘एकूण:’ हे वेगळ्या ओळीवर लिहिलं की अलीकडची-पलीकडची नवी ओळ त्याच नोडचा भाग होते आणि आउटपुटात उतरते. तेवढाच शब्द ‘एक्सएसएल:टेक्स्ट’मध्ये घाला, म्हणजे बाजूला उरतात ते कोरे नोड, आणि ते गळतात.

आणि स्ट्रिप-स्पेसच्या ‘एलिमेंट्स’मध्ये (कुठल्या टॅगना लागू, ते सांगायच्या जागी) सरसकट तारांकन, म्हणजे ‘सगळे’, देऊ नका. परिच्छेदात ठळक शब्दाला लागून तिरपा शब्द असेल, तर त्यांच्यामधली एकुलती एक स्पेस हाही कोरा नोडच! दोन्ही शब्द एकमेकांना चिकटतात. अशा एलिमेंटसाठी प्रिझर्व्ह-स्पेस आहे.

प्रश्नकर्ता: पटलं. मग नॉर्मलाइझ-स्पेसला ‘सामान्यीकरण’ म्हणू?

प्रतिसाद: नको, त्यातून काहीच कळत नाही. ते फंक्शन दोन्ही टोकांची व्हाइटस्पेस छाटतं आणि मधल्या सलग व्हाइटस्पेसची एकच स्पेस करतं. ‘स्पेस आवरणे’ चालेल.

प्रतिसाद: ‘अदृश्य चिन्हं’ असं मात्र कुठेच लिहू नका. झिरो-विड्थ जॉइनरही (अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारं चिन्ह) अदृश्यच असतो, पण तो व्हाइटस्पेस नाही, नॉर्मलाइझ-स्पेस त्याला हात लावत नाही. कुणी ट्रान्सलेट (चिन्हं बदलणारं किंवा काढणारं फंक्शन) वापरून तो साफ केला, की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं.