कोच लावू की चार धंदेवाल्यांत बसू?

कुडाळचा_आगळवाला
नमस्कार मंडळी, कोकम आगळ आणि आमसुलांचा घरचा धंदा आहे, आई, बायको, मी आणि सीझनला चार बायका. मे महिन्यात सगळे पैसे कोकमात अडकतात मग वर्षभर विकत बसायचं. परवा एक कोच भेटला, वर्षाचे ६० हजार भर म्हणतो, धंदा डबल करून देतो. बोलतो भारी, पण स्वतः कधी काय विकलंय असं वाटलं नाही. कोणाला अनुभव? आणि ते मालकांचं पीअर बोर्ड म्हणतात ते काय असतं?

लोटे_फॅब्रिकेशन
डबलवाल्याला लांबूनच नमस्कार कर. कोच सगळे वाईट नसतात, पण त्याला तू सांगशील तेवढंच कळतं. बोर्ड म्हणजे वेगवेगळ्या धंद्यातले मालक महिन्यातून एकदा बसतात, अमेरिकेत व्हिस्टेज नावाची कंपनी १९५७ पासून मालकांचे असेच गट चालवतेय. आम्ही सहा जण आहोत. आधी फक्त प्रश्न, सल्ला नंतर. मी गेटच्या कामाचा हिशोब मांडला तर नर्सरीवाला विचारतो, यात तुझा पगार कुठाय? घरी येऊन धरला तर गेटमागे चहाचे पैसे सुटत होते फक्त.

दापोली_होमस्टे
ग्रुप चांगलाच, पण आपल्याकडे बाजारात अर्धे नात्यातले नि उरलेले शाळेतले. आमचा पहिला ग्रुप त्यावरच मोडला, एकाचं थकलेलं कर्ज थेट त्याच्या सासुरवाडीला कळलं. आता मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातले घेतो, एसटीत दीड तास जातो, जाऊदे.

कुडाळचा_आगळवाला
आईचा नि बायकोचा पण पगार धरायचा?? मेलो मग. त्यात मुंबईचा एक दुकानदार तीन महिने पैसे देत नाय.

लोटे_फॅब्रिकेशन
धर की, फुकट राबतायत म्हणून तर आगळ स्वस्त पडतंय तुला. आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असेल तर बिलावर नंबर छाप. मग कायद्याने, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी चालत नाही, नसला तर १५च. २०२३-२४ पासून मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या दुकानदाराला तो खर्च आयकरात धरता येत नाही, त्याच्या सीएला बरोबर कळतं ते. मला हे ग्रुपातल्या काजूवाल्याने सांगितलं.

कुडाळचा_आगळवाला
आजच छापायला टाकतो. लोटे लांब पडेल, कणकवली-राजापूरकडे कोण बसत असतील तर कळवा. फक्त मे महिन्यात नको, तेव्हा हात लाल असतात.